आईला दिलेलं आजारपण

संघपालची आई चार आठवड्यांपासून आजारी होती आणि ही गोष्ट तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

सगळे म्हणजे चार हजार दोनशे माणसं. संघपाल वाळूजच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचा आणि दर रविवारी सकाळी ‘शिफ्ट सुटली’ नावाची चित्रकथा मोबाईलवर टाकायचा. चार चौकटी, त्यात कामगार, सुपरवायझर, कँटीनमधला चहा. लिहायचा तोच, काढायचा तोच, रंगवायचाही तोच. लोकांना आवडायची. घोळ एवढाच, की कामाची पद्धत त्यानं कुठल्याशा व्हिडिओतून उचलली होती. सोमवारी गोष्ट, मंगळवारी कच्चं चित्र, बुधवारी शाई, गुरुवारी रंग. व्हिडिओतल्या त्या भल्या माणसाला शिफ्ट नव्हती. संघपालची दर आठवड्याला बदलायची. मंगळवारचं कच्चं चित्र शुक्रवार उजाडला तरी कच्चंच असायचं. पण चूक वेळापत्रकाची असू शकते हे काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आपणच आळशी, असं त्यानं ठरवून टाकलं.

पहिला रविवार हुकला तेव्हा ‘जमलं नाही’ एवढे दोन शब्द लिहायचे होते. ते त्याला लिहवले नाहीत. बाकीचे चित्रकार रोज काहीतरी टाकतात आणि आपल्याला आठवडाभरात चार चौकटी होत नाहीत, याची त्याला भयंकर लाज वाटायची. म्हणून त्यानं लिहिलं, ‘आईला बरं नाही.’ लोकांनी इतक्या मायेनं विचारपूस केली की दुसऱ्या रविवारी त्या ‘बरं नाही’चा डेंग्यू झाला. तिसऱ्या रविवारी पोटात दुखू लागलं. चौथ्या रविवारी त्यानं आईचं ऑपरेशनच करून टाकलं. कुणी डॉक्टरचं नाव सुचवलं, कुणी रक्त द्यायला तयार झालं. वाचताना संघपालला घाम फुटायचा आणि तरी तो हात जोडल्याची खूण टाकून गप्प बसायचा.

ऑपरेशननंतरच्या शनिवारी तो रात्रीची तिसरी शिफ्ट करून दुपारचा झोपला होता. दार वाजलं. आई, म्हणजे सत्यभामाबाई, धुण्याची भरलेली बादली हातात घेऊनच दार उघडायला गेली. दारात साठीपुढचा एक माणूस उभा होता, हातात पेरूंची पिशवी.

“शिफ्टवाली चित्रं काढणारा पोरगा इथंच राहतो नव्हं? मी कडुबा. खुलताबादहून आलो.”

हे नाव कानावर पडताच संघपाल खाडकन उठून बसला. दर रविवारी चित्राखाली ‘आज लई हसलो’ असं लिहिणारा कडुबा तो हाच. वाळूजमधूनच रिटायर झालेला. संघपालनं एका चित्रात घराजवळच्या, मुकुंदवाडीतल्या गिरणीची पाटी काढली होती, तिच्यावरून तो पत्ता शोधत आला होता.

“ताई, आठ दिस नाय झाले ऑपरेशनला,” कडुबा म्हणाला, “आन तुम्ही उठून दार उघडायला?”

आईनं पाहुण्याकडं बघितलं. मग खाटेवर बसलेल्या लेकाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं. तिनं बादली हळूच खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि खाटेच्या कडेवर टेकली.

“आता बरं हाय, भाऊ,” ती बारीक आवाजात म्हणाली. “पोरगा लई काळजी घेतो माझी.”

भुईनं पोटात घ्यावं असं संघपालला वाटलं. कडुबा अर्धा तास बसला. बायको गेल्या वर्षी वारली, म्हणाला. शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होती. रविवारी तो तिला ही चित्रं दाखवायचा आणि त्यातल्या सुपरवायझरला बघून ती हसायची. “दुखणाईताच्या घरी कुणी आलं की बरं वाटतं, म्हणून आलो,” असं म्हणून त्यानं आपला नंबर कागदावर लिहून दिला आणि तो उठला.

दार लागल्यावर आईनं विचारलं, “कशाचं ऑपरेशन केलंस माझं?”

“पित्ताशयाचं.”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. “दर रविवारी विहारात पंचशील घेते मी,” ती म्हणाली. “खोटं बोलणार नाय म्हणून सगळ्यांदेखत म्हणते. आज तुझी अब्रू झाकायला बोलले.” मग बादली उचलून धुणं वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची निशा पांढरी साडी नेसून नेहमीसारखी बोलवायला आली. “चला ना मावशी, वंदनेला उशीर होईल.”

“मी नाय येत आज.”

“का? बरं नाही का?”

“बरी हाय,” आई म्हणाली. “पण येत नाय.”

संघपालनं हे आतून ऐकलं. पाऊस असो, लग्न असो, आईचा रविवार कधी चुकला नव्हता. तो चोरासारखा मागच्या दारानं बाहेर गेला आणि त्यानं कडुबाला फोन लावला.

“काका, आईला काहीच झालं नव्हतं. मी खोटं लिहिलं.”

“ठाऊक हाय. गिरणीवाल्याला घर इचारलं तर म्हणला, सत्यभामाबाई व्हय? आत्ताच दहा किलो दळण डोक्यावर घेऊन गेल्या की.”

संघपालचे कान तापले. “मग घरी कशाला आलात?”

“इतकं खोटं बोलायची पाळी पोरावर कशानं आली, ते बघावं म्हणलं. पर तुझं तोंड बघून इचारवलं नाय. आता सांग.”

आईबद्दलचं खोटं कबूल करणं त्याला जमलं होतं. हे त्याहून जड गेलं. “चार चौकटी होत नाहीत, काका. एकच होते. तीही कंपनीच्या बसमध्ये, जातायेता. बस हलते, रेघ वाकडी येते. लोकांना कशी दाखवायची?” बोलता बोलता त्याला आणखी एक गोष्ट कळली. वाकडी रेघ दाखवायची लाज वाटली म्हणून आपण आईचं पोट फाडलं.

“एकच काढ मग,” कडुबा म्हणाला. “आमी चार कधी मागितल्या व्हत्या?”

फोन ठेवून संघपाल घरात आला, आईजवळ जमिनीवर बसला आणि मोबाईलवर लिहू लागला. ‘माझी आई ठणठणीत आहे. मी चार आठवडे खोटं बोललो. कुणाचीही क्षमा मागायचं तोंड मला नाही. मला आठवड्याला एकच चौकट जमते, तीही वाकडी. यापुढं तेवढीच येईल.’ टाकण्याआधी त्यानं ते आईसमोर धरलं. चष्मा लावून, ओळीवरून बोट फिरवत तिनं सगळं वाचलं.

“माझं बी लिही,” ती म्हणाली.

“तुझं काय?”

“आईबी पाहुण्याशी खोटं बोलली म्हणून लिही.”

“आई, ते नको. तू माझ्यासाठी...”

“लिही.”

त्याचा अंगठा काही केल्या उचलेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्याला स्क्रीनवरचं दिसेना. आईनं समजूत घातली नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि ती ओळ लिहून होईपर्यंत जागची हलली नाही.