औषधाचं रिकामं पाकीट

डिसेंबर लागला की शिगेनो रोज सकाळी तारखा मोजू लागायची. जपानातल्या ताकादा गावात त्या महिन्यात घाबरायला कारणं पुष्कळ. बर्फाच्या ओझ्यानं छपरं कुरकुरतात, कोळसा महागतो, धडधाकट माणसं घसरून कंबर मोडून घेतात. शिगेनोला त्यातल्या कशाचंच फारसं काही वाटत नसे. तिला धास्ती असायची ती एकतीस तारखेची. त्या दिवशी घरखर्चाची वही मिटायची, आणि वर्षाच्या आरंभी ठरवलेला आकडा नि प्रत्यक्षात झालेला खर्च समोरासमोर उभे राहायचे. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सात वर्षं एकही खातं एका येननं पुढे गेलेलं नव्हतं.

तिचा नवरा तामेजी टपाल खात्यात पत्रं वाटायचा. पगार झाला की तो पाकीट न फोडता बायकोच्या हातात द्यायचा आणि स्वतःच्या विडीकाडीचे पैसे मागून घ्यायचा. शिगेनो त्या पगाराची वाटणी करायची. तांदूळ, कोळसा, शाळा, देणंघेणं, देवळाची वर्गणी, औषध. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, आणि ती पाकिटंसुद्धा जुनीच, उलगडून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवलेली. मुळ्याची सालं लोणच्यात जायची, आंघोळीचं उरलेलं पाणी धुण्याला आणि चहाचा चोथा चटया झाडायला. एका पाकिटातले पैसे दुसऱ्यात घालायचे नाहीत, हा त्या घरातला कायदा होता.

"माझी आई वारली, पण सासुरवास काही संपला नाही तुझा," तामेजी वहीकडे बोट दाखवून म्हणायचा. "ही बघ, इथंच बसलीय सासू."

"सासू आहे म्हणून घर आहे," शिगेनो म्हणायची, आणि ते ती थट्टेत म्हणत नसे.

त्या वर्षी औषधाचं पाकीट नोव्हेंबरातच संपलं. धाकट्या सायेचा कान फुटला, डॉक्टरांकडे सात खेपा झाल्या. निम्मे पैसे तामेजीच्या खात्याकडून मिळायचे, निम्मे घरचे. शेवटचं नाणं काढून शिगेनोनं रिकामं पाकीट सगळ्यांसमोर झटकून दाखवलं. तामेजी हसत म्हणाला, "ऐका रे सगळ्यांनी! एक तारखेपर्यंत या घरात आजारी पडायला बंदी आहे. कोणाला पडायचंच असेल तर नव्या वर्षात पडा." साये खिदळली, शिगेनोही हसली. नऊ वर्षांची थोरली किनुको तेवढी हसली नव्हती. ती शहाणी मुलगी होती, मोठ्यांचं बोलणं मनावर घ्यायची.

तीस तारखेच्या सकाळी शिगेनो स्वयंपाकघरात मोचीच्या, कुटलेल्या चिकट भाताच्या लाद्यांचे चौकोन पाडत होती. तामेजी पहाटेच गेला होता. नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रांनी टपाल कचेरी बुडून गेली होती आणि तो चार दिवस फक्त झोपायला घरी येत होता. बाहेरच्या खोलीत दोघी मुली शेगडीवर घातलेल्या दुलईत पाय खुपसून बसल्या होत्या.

"आई, ताई मोची खात नाही. मला देते," साये ओरडली. "कालपण मलाच दिली. परवापण!"

"चोंबडी!" किनुको म्हणाली, पण तिच्या आवाजात राग चढलाच नाही. ते शिगेनोच्या कानाला खटकलं. सुरी खाली ठेवून ती बाहेर आली. किनुको गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर कलली होती आणि चित्राच्या पुस्तकाचं एकच पान केव्हापासून बघत होती.

"काय होतंय गं?"

"काही नाही. झोप झाली नाही नीट."

शिगेनोनं कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. कपाळ तापलं होतं. तिच्या मनात आधी काय आलं असेल? तिच्या मनात आलं, दोनच दिवस राहिलेत. आईच्या मनात असं यावं याची तिला तत्क्षणी लाज वाटली, पण यायचं ते येऊन गेलं होतं.

कपाटावर तोयामाच्या औषधवाल्याची लाल पेटी होती. त्या भागात अशी पेटी घरोघर असते. औषधवाला वसंतात येतो, भरलेली पेटी ठेवून जातो, पुढच्या वर्षी येऊन किती पुड्या कमी झाल्या ते मोजतो आणि तेवढ्याचेच पैसे घेतो. शिगेनोच्या घरी पुडी काढली की तिचे पैसे त्याच दिवशी पाकिटातून बाजूला पडत. पाकीट रिकामं झाल्यापासून पेटीला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

'एक पुडी,' ती मनाशी म्हणाली. 'जानेवारीत भरून टाकीन.' सात वर्षांतली ही पहिली लबाडी होती.

पोटदुखीच्या सहा पुड्या होत्या. तिनं एक उघडली. आतली पूड पिवळसर होती, असायला हवी तशीच. पण वास औषधाचा नव्हता, खमंग होता. तिनं चिमूट जिभेवर ठेवली. ते भाजलेल्या सोयाबीनचं पीठ होतं, मोचीवर भुरभुरवतात ते.

तिनं दुसरी पुडी उघडली. तिच्यातही पीठच होतं. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांत पीठ. घड्या इतक्या नेटक्या की दुकानातून आल्यासारख्या. फक्त सहावीत खरं औषध होतं.

"किनुको," ती म्हणाली, "हे तू केलंस?"

किनुको रडली नाही. पकडल्या गेलेल्या पोरांसारखी तिची मान खाली गेली. "तो नुसत्या पुड्या मोजतो ना, आई. मोजल्या तर बरोबर भरतील. नव्या वर्षाच्या खाऊचे पैसे आले की मी खऱ्या आणून ठेवणार होते. देवाशपथ."

"कधीपासून दुखतंय?"

"सोमवारपासून. रोज एक खाल्ली. आधी जरा बरं वाटायचं."

"पाच दिवस! अगं, मग सांगायचं नाहीस? मी काय मेले होते?"

"पाकीट रिकामं होतं ना," किनुको म्हणाली. तिला आईचा प्रश्नच कळला नव्हता. "परवा नवं पाकीट होईल. परवा सांगणार होते."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे शिगेनोची नजर गेली. सोमवारपासूनच्या चौकोनांत पेन्सिलीची बारीक टिंबं होती. रोज सकाळी ती स्वतः त्याच कॅलेंडरसमोर उभी राहून तारखा मोजत होती आणि टिंबं तिला दिसली नव्हती. पोरीनंही तेच दिवस मोजले होते. आईनं खर्चाचे, पोरीनं दुखण्याचे.

ती ड्रॉवरकडे धावली. तांदळाचं पाकीट हाताशी आलं. दुकानदाराचं वर्षाचं देणं उद्या चुकतं करायचं होतं, त्याचे पैसे त्यात होते. पाकीट उचलायला गेलेला हात अडखळला. तिच्या आईनंही असंच सुरू केलं होतं. कोळशाचे पैसे तांदळात, तांदळाचे औषधात, मग शेजारणीकडून हातउसने. शेवटी घर गेलं, आणि तेरा वर्षांच्या शिगेनोला रेशमाच्या गिरणीत पाठवून आगाऊ पैसे घेतले. गिरणीतल्या उकळत्या पाण्याच्या कढया, सोललेली बोटं, हे सगळं तिला आठवलं. तेव्हापासून तिची भीती या पाकिटांत बंद होती. एक उघडलं तर सगळी उघडतील असं तिला वाटायचं.

मागून किनुकोचा दाबलेला कण्हण्याचा आवाज आला. शिगेनोनं पाकीट फाडून पैसे कमरपट्ट्यात खोचले.

साये शेजारच्या ओगावाबाईंकडे गेली. ओगावाबाईंनी बर्फावर ओढायची लाकडाची घसरगाडी काढून दिली. "अगं, हे काय, पोरीचा रंग बघ की! पळ तू, पळ. मुराकोशी डॉक्टरांकडेच ने, त्यांच्याकडे ऑपरेशनचं टेबल आहे."

दोन दुलयांत गुंडाळलेल्या किनुकोला गाडीवर घालून शिगेनो निघाली. दुकानांपुढच्या छपराखालची वाट खरेदीच्या गर्दीनं भरली होती, म्हणून ती रस्त्याच्या मधोमध, गुडघाभर बर्फातून गाडी ओढत होती. दर धक्क्याला मागून हुंकार येत होता. तो ऐकवत नव्हता, पण ऐकू येईनासा झाला तर, या भीतीनं ती कान मागेच ठेवून चालत होती.

पुलाच्या अलीकडे तो हुंकार थांबला.

ती झटकन वळली. किनुकोचे डोळे उघडे होते. "आई, थांबलं," ती म्हणाली. "खरंच थांबलं. एकदम! आता काहीच होत नाही. घरी जाऊ या."

शिगेनो बर्फातच मटकन बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. पोरीनं सकाळी खाल्लेली पुडी लागू पडली असेल. वायगोळा असेल, गेला असेल. कमरेला पैसे टोचत होते, तेही आता जागच्या जागी जातील, तांदूळवाल्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही. "देवा रे," ती म्हणाली, आणि उठून तिनं गाडी घराकडे वळवली.

वीस-पंचवीस पावलं ती चालली असेल. मग तिनं सहज मागे वळून विचारलं, "बरं वाटतंय ना गं?"

किनुको हसली. ओठ पांढरे, कपाळावर घामाचे थेंब, आणि तरी शाळेतल्या फोटोत हसावं तसं नीटनेटकं हसू. शिगेनोला ते हसू पुरतं ओळखीचं होतं. गिरणीत वर्षातून एकदा वडील भेटायला यायचे, तेव्हा ती स्वतः अशीच हसायची. 'बरी आहे, बाबा. खायला मिळतं पुष्कळ.' बाबा समाधानानं परत जायचे.

तिनं दुलईत हात घातला. पोट पाटासारखं कडक लागलं. ती दाबत असूनही पोरगी हसतच होती.

"अगं माझे आई," शिगेनो किंचाळली, आणि गाडी फिरवून पळत सुटली. दोनदा पडली, एक पायताण बर्फात राहिलं. पुलावरची माणसं बाजूला झाली, कोणीतरी मागून गाडी ढकलायला लागलं. कोण होतं ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती पंचवीस पावलं जाऊन पुन्हा पंचवीस येण्यात किती वेळ गेला, एवढाच हिशेब डोक्यात घुमत होता आणि तो कोणत्याच वहीत मांडता येत नव्हता.

मुराकोशी डॉक्टर म्हातारे आणि तिरसट होते. त्यांनी पोटाला बोट लावलं आणि विचारलं, "दुखायचं कधी थांबलं?"

"आत्ताच, पुलापाशी. थांबलं म्हणून मी..."

"थांबलं म्हणजे आत फुटलं!" ते ओरडले. "अपेंडिक्स फुटलंय, बाई. पू पसरतोय पोटात. पाच दिवस काय करत होता तुम्ही?"

नर्सनं किनुकोला उचललं आणि दार लागलं.

बाहेरच्या बाकावर ती एका पायात पायताण नि दुसऱ्या पायात ओला मोजा घालून बसली. टपाल कचेरीत निरोप गेला होता. तामेजी खांद्यावरच्या पिशवीसकट धावत आला. तिनं त्याला पुड्यांचं सांगितलं. मग कॅलेंडरवरच्या टिंबांचं सांगितलं. "मी गंमत केली होती गं," तो म्हणाला. दोन-तीनदा तेच म्हणाला आणि मग तोंड झाकून बसला. शिगेनोला त्याचा राग आला नाही. त्यानं गंमत केली होती, खरी ती तिनं केली होती.

किनुको वाचली. पेनिसिलिनची इंजेक्शनं, पोटातून बाहेर काढलेली रबराची नळी, तीन रात्री चढउतार करणारा ताप, असं सगळं होऊन वाचली. तांदूळवाल्यानं महिन्याची मुदत दिली. जगबुडी झाली नाही, गिरणीचा माणूस दारात आला नाही. एक तारीख केव्हा येऊन गेली ते शिगेनोला कळलंही नाही.

पाचव्या दिवशी नर्स पट्टी बदलायला आली. जखमेत कोंबलेली कापडाची लांब पट्टी ती हळूहळू ओढून काढत होती. पलीकडच्या खाटेवरचा धिप्पाड सुतार अशा वेळी साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा बोंबलायचा. किनुकोनं चादरीची कड मुठीत धरली आणि छताकडे बघत राहिली.

"किती गुणी पोरगी आहे हो तुमची!" नर्स कौतुकानं म्हणाली. "हूं नाही की चूं नाही. दुखतच नाही वाटतं हिला."

शिगेनो खाटेवर वाकली. "किनु, दुखतंय ना? खरं सांग. ओरड तू. रड. कोणी काही म्हणणार नाही. दुखतंय का?"

किनुकोनं छतावरची नजर काढली. ती आईच्या तोंडाकडे निरखून बघू लागली, कपाळावरच्या आठ्या, भरलेले डोळे, सगळं एकेक करून. कोणतं उत्तर दिलं तर आईला बरं वाटेल, ते ती शोधत होती.

"थोडंसं," ती म्हणाली, आणि आईनं सुटकेचा श्वास सोडला की नाही ते बघत राहिली.