बांधातला बिनपायांचा बेडूक

महाडच्या शाळेत शास्त्र शिकवणारे कमलाकर मास्तर तसे शहाणे गृहस्थ. त्यांना खूळ एकच. रविवार आला की पिशवी खांद्याला लावून पोलादपूरच्या डोंगरात शिरायचं आणि दगड उलथून खाली कोण राहतं ते बघायचं. बायको म्हणे, "लोक देवाच्या दर्शनाला जातात, तुम्ही गोमेच्या." मास्तर हसत आणि चपला घालत.

त्या श्रावणात डोंगरातल्या एका वाडीवर हैबती शेताच्या बांधाची डागडुजी करत होता. झऱ्याखालचा तो बांध बारा महिने ओला. कुदळीसरशी मातीतून वीतभर लांबीचं काहीतरी वळवळत बाहेर आलं. हैबतीने गांडूळ समजून बाजूला सारलंही असतं, पण शेजारी उकिडवे बसलेले मास्तर ओरडले आणि त्यांनी ते ओंजळीत उचललं. निळसर काळं अंग, अंगभर कड्याला लागून कडं, कातडीखाली झाकलेले डोळे, मानेभोवती एक पिवळी रेघ. जबडा उघडला तर आत दात! मास्तर आणखी काही बघणार तोच ते बोटांतून निसटलं आणि चिखलात गडप झालं.

"हैबतराव, हे गांडूळ नाही," मास्तर चिखल चाचपत म्हणाले. "हा बेडकाचा भाऊबंद आहे. बिनपायांचा बेडूक म्हणा."

"पाय नाय आन् बेडूक?" हैबतीची बायको राहीबाई पदराआड हसली. "मग आमची म्हस म्हंजे शिंगं असलेली कोंबडीच म्हनायची."

गणपतीच्या सुट्टीत मास्तरांनी मुंबई गाठली. तिथे अशाच प्राण्यांच्या अभ्यासात केस पिकवलेले कर्णिकसाहेब होते. पिवळ्या रेघेचं ऐकल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असा प्राणी आजवर कोणी नोंदवलेला माझ्या पाहण्यात नाही. पण तुमच्या सांगण्याला शास्त्रात काडीची किंमत नाही. माझ्याही सांगण्याला नाही. प्राणी समोर पाहिजे. त्याचं एकेक कडं मोजता आलं पाहिजे."

तेव्हापासून मास्तरांना दुसरं काही सुचेना. आपल्याला नाव नको, मान नको, असं ते स्वतःला सांगत. खोटं कशाला बोला, नाव थोडंसं हवंच होतं. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की तो जीव आहे हे एकदा जगाच्या कानावर पडावं. आपण तो पाहिला, आणि आपल्यानंतर कोणालाच ठाऊक नसावा, ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती.

दसऱ्याच्या सुमारास रशियाने आभाळात माणसाने बनवलेला चंद्र सोडला आणि महाडात दुसरा विषयच उरला नाही. तिन्हीसांजेला चवदार तळ्याच्या काठी माणसं माना वर करून उभी. कित्येक जण तर शुक्राची चांदणीच रशियाची समजून समाधानाने घरी जात. ही हवा डोंगरातही पोचली होती. मास्तर वाडीवर गेले तेव्हा हैबतीने पहिलं तेच काढलं.

"त्या चांदाचा उपेग काय, मास्तर?"

"उपयोग मागाहून कळतो. आधी नवीन काही आहे हे तर कळू दे," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांची जीभ सैल सुटली. "तुमच्या बांधात आहे ना, ते त्या चंद्राएवढंच मोठं आहे, हैबतराव. चंद्र माणसाने केलाय, उद्या दुसरा करील. हा कोण करणार?"

हैबतीने वळून बांधाकडे पाहिलं. आपल्या बांधात रशियाच्या तोडीचं काही आहे, असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. राहीबाईसुद्धा या वेळी हसली नाही.

"सापडला तर माझ्यासाठी ठेवा. मी येईपर्यंत कुजू तेवढा देऊ नका," मास्तर निघताना म्हणाले. ठेवायला खरं तर स्पिरिट हवं होतं. पण दारूबंदीचे दिवस, शाळेची बाटलीसुद्धा परवान्यावाचून अडलेली. ती हाती आली की लगेच येतो, असा त्यांचा बेत होता.

बेत राहिला बाजूला, मास्तरांना हिवतापाने गाठलं. दिवाळी अंथरुणात गेली. उठून बसतात न बसतात तोच एके सकाळी कर्णिकसाहेब दारात उभे. रत्नागिरीला निघाले होते, पिवळ्या रेघेसाठी वाट वाकडी करून आले होते. पेटीत स्पिरिटने भरलेल्या बाटल्या होत्या. मास्तरांना अंगात दहा हत्तींचं बळ आल्यासारखं वाटलं.

दोघे वाडीवर पोचले तर हैबती खळ्यातच होता. "मास्तर, आता रशियानं कुत्री चढवली म्हनं वर? आपला बेडूक नाय हां तसा घालवायचा!"

"सापडला?" मास्तरांना धीर धरवेना.

हैबतीने मिशीतल्या मिशीत हसत आत हाक दिली. "आन गो!"

राहीबाईने फडक्याने तोंड बांधलेलं मडकं आणून पुढ्यात ठेवलं आणि गाठ सोडली. आत खडेमिठाच्या थरात काळ्या, कडक पट्ट्या नीट रचलेल्या होत्या. पावसाळ्यासाठी सुकी मासळी, वाकट्या रचून ठेवतात तशा.

"कुजू देऊ नका म्हनला होतात ना?" राहीबाईचा चेहरा फुलला होता. "पोटं साफ केली, मीठ भरलं, उन्हात खडखडीत वाळवले. आता वरीसभर ठेवा, काय व्हायचं नाय."

साहेबांनी एक पट्टी उचलली. ती मधोमध मोडली. त्यांनी दुसरी उचलली, भिंगाखाली धरली, उजेडाकडे फिरवली. कातडी सुरकुतून एक झाली होती. कडी नाहीत, डोळे नाहीत, रेघ नाही. पोटातलं तर कोंबड्यांनी कधीच खाल्लं होतं.

"कमलाकरराव, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," ते हलकेच म्हणाले. "पण यावरून मला काहीच म्हणता येणार नाही."

 मास्तर उठले. "बांधावर चला. एक जिवंत मिळाला तरी झालं."

"आता कुठला मिळतोय?" हैबतीला नवल वाटलं. "चांदाएवढा म्हनलात, मग एका-दोघांवर भागतंय होय? आमी दोघांनी अख्खा बांध उकलला, झऱ्यापासनं पार खालपतूर."

"येक आई अंड्यांना येटोळं घालून बसलेली," राहीबाई म्हणाली. "तीपन आनली. अंडी तेवढी हातात फुटली, काय करनार? बाकी येक मागं ठेवला नाय, मास्तर. आईच्यान."

बांधाच्या जागी मातीचे ढिगारे होते, उन्हाने भेगाळलेले. झऱ्याचं पाणी अडायला काही न उरल्याने थेट घळीत चाललं होतं. साहेबांनी बाह्या सारून मातीत हात घातले, मास्तरांनी घातले. गांडुळं निघाली, साधी. आजूबाजूचे बांध दगडी आणि कोरडे, तरी तेही चाचपून झाले. ऊन डोंगराआड गेलं तेव्हा साहेब हात झटकत उठले. "दुसरीकडे कुठे असतीलही," ते म्हणाले.

मास्तर उकललेल्या बांधाकडे बघत राहिले. हैबतीच्या आजाने घातलेला बांध. येत्या साली भाताला पाणी कशाने अडवणार हा माणूस? रागवावं तर कोणावर? जिवंत ठेवा असं आपण म्हटलंच नव्हतं. थोडे राहू द्या, असं सांगायचंही सुचलं नव्हतं. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं, पण एवढ्या आनंदाने राबलेल्या माणसांसमोर रडायचीही सोय नव्हती.

खळ्यात परतल्यावर राहीबाईने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचं हसू मावळलं. तिने मडकं जवळ ओढलं, बोटाने आतलं मीठ चाचपलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"मास्तर, मीठ कमी पडलं का हो?"

मास्तरांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि मडक्याचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "मीठ बरोबर आहे."