निर्दय यंत्रणेचं अक्षर

प्रा. सांडू खरात यांनी शेतजमीन सुधारणांच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात राज्यसंस्थेला पानोपानी झोडपलं आणि त्याच राज्यसंस्थेच्या पगारावर हर्सूलला दुमजली घर बांधलं. ही गंमत त्यांना ठाऊक होती. वर्गात ते स्वतःच ती सांगत आणि पोरांच्या आधी हसत.

ग्रंथातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण त्यांच्या आईचं, केसरबाईंचं होतं. पिशोरला सरकारी गायरानाची तीन एकर खडकाळ जमीन तिनं नांगराखाली आणली होती, आजही कसत होती. १९९०च्या आधीपासून कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे अशा जमिनी करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा अतिक्रमणाच्या नोंदवहीत तिचं नावच सापडेना. ‘निर्दय यंत्रणेने ते पुसले’, असं सरांनी लिहिलं. परिषदांमध्ये या वाक्याला हमखास टाळ्या पडत.

आता ऐंशी पार केलेल्या आईला डोळे मिटायच्या आत स्वतःच्या नावाचा सातबारा हवा होता. सर तिला घेऊन कन्नडच्या तहसील कचेरीत गेले. तिथल्या कारकून उमाबाईंनी जुनी फाईल शोधून पुढ्यात ठेवली. आत १९८९चा अर्ज होता. ‘सदर जमिनीशी आमचा काडीमात्र संबंध नसून आमचे नाव कमी करावे.’ खाली केसरबाईंचा अंगठा. अक्षर मोत्यासारखं, सरांचं.

सरांनी तारीख पुन्हा वाचली. तेव्हा ते बी.ए.ला होते. सरकारी नोकरी करायची तर आई अतिक्रमणदार म्हणून वहीत नको, अशी लाज वाटली होती. तीच नोंद पुढे पुरावा ठरेल, हे भावी इतिहासकाराच्या डोक्यातही आलं नाही. पुढे तो अर्ज ते विसरूनच गेले, आणि ग्रंथ लिहिताना ही फाईल उघडायला त्यांना सवड झाली नव्हती.

शेजाऱ्यांचे जबाब जोडून नवा अर्ज द्या, मग बघू, असं उमाबाईंनी सुचवलं. बाहेर ओट्यावर बसलेल्या आईला सरांनी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी तिथंच झरझर अर्ज लिहिला आणि शाईचं पॅड तिच्यापुढे धरलं.

केसरबाईंनी हात पदराखाली घेतला.

“तव्हा मी इचारलं व्हतं, बाबा, ह्यात काय लिवलंय. तू म्हनला, आई, तुला कळायचं नाय,” ती म्हणाली. “आता आधी वाचून दाव.”