न पुसलेली देवी

गुरुवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना, एग्मोर स्टेशनजवळच्या एका बसथांब्यामागे फुटपाथवर चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या एळुमलैला चार माणसांनी उठवलं. मारहाण झाली नाही. एकाने त्याची कोळशा-खडूंची पत्र्याची पेटी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली, दुसऱ्याने दंड धरून त्याला पेटीपर्यंत पोचवलं. सहा दहाला श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीची बस आली आणि थांब्यावर उभं राहून हे सगळं पाहिलेली कौमुदी तिच्यात चढली. चढायला नको होतं, हे तिला शहर मागे पडल्यावर उमगलं.

कौमुदी साताऱ्याची. मोटारींच्या कारखान्यात रंगविभागात तपासनीस. रंगावरच्या पारदर्शक थरात धुळीचा कण अडकलाय का, हे ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात शोधायचं, हे तिचं काम. चार वर्षं ती याच थांब्यावर उभी राहत होती आणि त्यातली साडेतीन वर्षं तिने एळुमलैकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. फेब्रुवारीत एकदा बसला उशीर झाला, फोनची बॅटरी मेलेली होती, म्हणून नजर खाली गेली.

खाली देवीचा चेहरा होता. कपाळ विटेच्या तुकड्याने रंगवलेलं, केस कोळशाचे, कानातल्या पाचूंसाठी कसलासा पाला चुरडलेला. हनुवटीची रेघ त्याने एका दमात ओढली, आणि ती रेघ पाहून कौमुदीच्या अंगावर काटा आला. डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा. डोळे झाले की बाजूला सरून भिंतीला टेकायचा. लोक नाणी टाकायचे. संध्याकाळी स्वतःच बादलीभर पाणी ओतून काथ्याने सगळं घासून काढायचा.

तेव्हापासून ती वीस मिनिटं आधी येऊ लागली. शहरात कुठेही गेली तरी नजर फुटपाथवर.

"रोज पुसता कशाला, विचारा ना त्यांना," एका रविवारी थांब्यावर सोबत आणलेल्या गुरुराजरावांना तिने म्हटलं. गुरुराजराव तिचे घरमालक, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली होती, आणि त्यांची मराठीही तेव्हाचीच होती. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, उत्तर ऐकून हसले.

"म्हणतो, न पुसलें तर उद्यां मी काय करूं?"

कौमुदीही हसली. तिला तो विनोद वाटला.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने काढलेला चेहरा तोवरच्या सगळ्यांहून सरस होता. दिवसभर कारखान्यात तिचं लक्ष लागेना. सुटल्यावर तिने हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक लॅकरचे दोन स्प्रेचे डबे घेतले. थांब्यावर उतरली तेव्हा एळुमलै पाणी आणायला गेला होता. तिने गुडघ्यांवर बसून, हात एकसारखा फिरवत, आधी पातळ आणि मग जाड असे तीन थर मारले. आयुष्यात इतकं नीट काम तिने केलं नसेल.

तो परतला. बादली ओतली. पाणी ओघळून गटारात गेलं आणि देवी होती तशीच राहिली. त्याने काथ्याने घासलं. दुसरी बादली आणली. मग चेहऱ्यापाशी उकिडवा बसला.

"काय केलंस हे, अम्मा?" एवढंच तो तमिळमध्ये म्हणाला. एवढी तमिळ तिला येत होती. त्याचा ऊर भरून आलाय, असं तिला वाटलं.

तो आडी महिन्यातला शुक्रवार होता. देवीचा महिना, देवीचा वार. हे थांब्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, कौमुदी सोडून. पाणी ओतूनही देवी गेली नाही, ही बातमी रात्रीत पसरली. शनिवारी चेहऱ्याभोवती हळदकुंकू आणि कडुनिंबाचे डहाळे होते. सोमवारी विटांचं कुंपण आलं. बुधवारी मोठ्या पातेल्यात नाचणीची आंबील शिजली आणि रांग थांब्यापर्यंत पोचली. एळुमलै चार हात सरकून नवं चित्र काढू लागला, तर रांगेतले पाय त्याच्यावरून जात. विडी ओढतो, देवीकडे पाठ करून बसतो, अशी कुरकुर सुरू झाली. चित्र त्याने काढलंय हे सांगणाऱ्याला लोक म्हणत, "माणसानं काढलेलं पाण्यानं जातं."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्याला उठवलं.

त्या संध्याकाळी रस्त्यापलीकडे पेटी नव्हती, माणूसही नव्हता. थांब्याजवळ हार विकणाऱ्या त्रिपुरसुंदरीला कौमुदीने मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"गेला. मी सांगितलं त्याला, दोन दिवस थांब, मी बघते काहीतरी."

"मग तुम्ही त्या लोकांना का नाही बोललात?"

"तू बोललीस?" त्रिपुरसुंदरीने दोऱ्याची गाठ दातांनी तोडली. "बसमध्ये चढलीस ना छान? मला इथेच बसायचंय बाई, रोज."

शुक्रवारी कौमुदी पिशवीत थिनरची बाटली घेऊन निघाली. लॅकर सुटेल, चित्र जाईल, जागा मोकळी होईल, असा साधा हिशेब होता. गुरुराजराव जिन्यात आडवे आले.

"तुम्हीं पुसाल, आणि मार कोणाला पडेल? त्या म्हाताऱ्यालाच शोधून मारतील. त्यानेंच सूड घेतला म्हणतील."

"मग मी करू काय?"

"तें मला ठाऊक असतें तर तुम्हांला अडवलें असतें का, अम्मा?"

तरी ती गेली. पाऊण तास रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईने कडेवरचं तापाने फणफणलेलं मूल वाकून देवीच्या कपाळाला टेकवलं आणि तिथेच धरून ठेवलं. कौमुदीचा नंबर आला. तिने बाटलीचं झाकण पिशवीतच चाचपलं आणि पुढे सरकली. लॅकरमध्ये, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, तिला एक धुळीचा कण दिसला. झाकण न उघडताच ती रांगेबाहेर पडली.

त्यानंतरचे दोन रविवार ती आणि गुरुराजराव एळुमलैला शोधत जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून फिरले. कागदाच्या गोदामापाशी एका हमालाने कौमुदीच्या फोनमधला त्याचा फोटो पाहून मान डोलावली. हा म्हातारा इथे तीन दिवस बसला होता, म्हणाला. मग टेम्पो लावायला जागा हवी म्हणून उठवला. अंगात ताप होता बहुतेक. कोणत्या दिशेने गेला, ते त्याने पाहिलं नव्हतं.

ही दहा ऑगस्टची गोष्ट. त्यानंतर एळुमलै कुणाला दिसलेला नाही. एग्मोरच्या फुटपाथवर देवीवर सोमवारपासून पत्र्याचं छप्पर घालायला सुरुवात झाली आहे.