पावणेपाचचा गजर

गजर सुरू झाला तेव्हा अयोध्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. पुढच्या खोलीत तिची नणंद दीपाली जमिनीवर वाकळ टाकून झोपलेली होती आणि तिच्या पायथ्याशी ते घड्याळ जीव तोडून बोंबलत होतं. अयोध्या जागची हलली नाही. हलायचं नाही असं कालच ठरलं होतं.

दीपालीची झोप सगळ्या वस्तीला ठाऊक होती. दारावरून बँड वाजत वरात गेली तरी ती कूस बदलायची, एवढंच. पोलीस भरतीची मैदानी चाचणी नऊ दिवसांवर आली होती, पहाटे पळायला जायचं होतं आणि ही काही केल्या उठत नव्हती. मोबाईलचा गजर ती झोपेतच बंद करायची. मग तिनं चाकांवर पळणारं घड्याळ मागवलं. ते ओरडत खोलीभर फिरायचं, कोपऱ्यात जाऊन अडकायचं आणि तिथंच रडत बसायचं. शेवटी हे आलं. पायपुसण्याएवढी जाड चटई, तिच्यातच घड्याळ. दोन्ही पाय ठेवून, अंगाचं सगळं वजन टाकून मिनिटभर उभं राहिलं तरच ते गप्प व्हायचं. मधेच पाय उचलला की पुन्हा सुरू.

पहिले तीन दिवस त्या चटईवर अयोध्याच उभी राहिली. सासूची झोपमोड नको म्हणून. चौथ्या दिवशी दीपाली तिच्यावर चिडली. "वैनी, रोज तूच उभी ऱ्हाणार असशील तर भरतीलाबी तूच जा की. उद्या कितीबी बोंबललं तरी यायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला."

म्हणून अयोध्या गेली नाही. तिचा नवरा कुमार दुधाची पिकअप घेऊन चारलाच गावोगावच्या फेरीला निघून गेला होता. चहा उकळला, गाळून झाला. गजर चालूच.

"अगं, ती बला बंद कर की," पलीकडून सासू, कडूबाई ओरडल्या.

"न्हाय आत्या. शपथ घातलीय तिनं."

दहा मिनिटं गेली असतील. मग मात्र अयोध्यानं तांब्याभर पाणी घेतलं. तोंडावर ओतायचं या बेतानं ती पुढच्या खोलीत आली आणि तिनं दिवा लावला.

दीपाली वाकळेवर नव्हती. ती रांगत चटईपर्यंत आली होती. गुडघे टेकलेले, कपाळ फरशीला लागलेलं आणि एक तळहात तेवढा चटईवर.

"नाटकं पुरं झाली गं. ऊठ."

दीपाली काहीतरी बोलली. गजराच्या आवाजात ते कळलं नाही. अयोध्या वाकली.

"वैनी... डोळं उघडंनात."

आवाज तिचा नव्हता. नाकातून, जड जिभेनं आल्यासारखा होता. अयोध्यानं तिची हनुवटी वर केली. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या आणि दीपाली एका बोटानं उजवी पापणी वर ढकलायचा प्रयत्न करत होती. बोट काढलं की पापणी खाली पडायची.

तरी अयोध्याला वाटलं, उभी केली की येईल भानावर. तिनं काखेत हात घालून दीपालीला उचललं आणि चटईवर उभं केलं. गजर थांबला. त्या शांततेत अयोध्याला दीपालीचा श्वास ऐकू आला. तो वरच्यावरच चालला होता आणि घशात थुंकी साचून गुरगुरत होती. मग दीपालीचे पाय घसरले, सगळं अंग अयोध्याच्या गळ्यात आलं आणि घड्याळ पुन्हा किंचाळायला लागलं.

"आत्या! आत्या, लवकर या!"

कडूबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "रात्री पोटात मुरडा आला म्हनत होती. म्या ओवा दिला. पित्त झालं असंल. निजू दे तिला घटकाभर."

"किती वाजता म्हणत होती?"

"दोन-अडीच झालं असत्याल."

अयोध्यानं कुमारला फोन लावला. लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तिनं सासऱ्यांना लावला. बिरूमामा मेंढरं घेऊन येडशीच्या बाजूला रानात मुक्कामी होते. त्यांनी लगेच उचलला.

ती जे सांगत होती ते त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग एवढंच विचारलं, "खाली निजली हुती का?"

"व्हय मामा."

"पापन्या उचलंनात?"

"न्हाय उचलत."

"पोरी, मन्यार साप चावलाय तिला," ते म्हणाले. "झोपंत चावतो. दुखत न्हाय, दातांची खून दिसत न्हाय. माझा थोरला भाऊ असाच गेला. आमी समदे म्हनलो, दमलाय, निजू द्या."

"मग मामा, देवळात..."

"देवळात न्हाय, कुनाकडं न्हाय! दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता. तिला चालवू नगस."

शेजारचा गौरीशंकर शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. तो बनियनवरच धावत आला. त्यानं आणि अयोध्यानं दीपालीला उचलून व्हॅनमध्ये आडवं केलं. कडूबाई दारात उभ्या राहून छाती बडवत होत्या. घरात गजर तसाच चालू होता.

भूमचं ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटरवर. उजाडायला लागलं होतं. अयोध्या दोन सीटांच्या मधे खाली बसली, दीपालीला तिनं कुशीवर वळवलं आणि तोंडात साचलेली थुंकी पदरानं पुसली.

"दीपा, ऐकतीयस ना? माझं बोट दाब."

बोट दाबलं गेलं.

"असंच दाबत ऱ्हा. मी म्हणलं की दाबायचं."

पहिल्या पुलाशी तिनं दाबलं. पेट्रोल पंपाशी दाबलं, पण लहान लेकरानं धरावं तसं. त्यानंतर अयोध्यानं तीनदा म्हटलं, चारदा म्हटलं. हात तसाच राहिला. अयोध्यानं कान तिच्या नाकाशी नेला. व्हॅनच्या खडखडाटात काही म्हणजे काही कळेना.

गौरीशंकरनं आरशात बघितलं. "वैनी, गेली वाटतं वो."

"तुम्ही गाडी मारा!" अयोध्या एवढ्या जोरात ओरडली की तिचाच घसा फाटला. मग तिनं दीपालीच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकर घातली. हे बरोबर की चूक, तिला माहीत नव्हतं. छाती जराशी वर आली. तिनं पुन्हा फुंकलं. दवाखान्याच्या फाटकात व्हॅन शिरेपर्यंत ती फुंकतच राहिली.

आतली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं पापण्या उचलून बघितल्या, "रात्री पोटात दुखलं का?" एवढंच विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तिच्या हातात नळी होती. नळी घशात गेली, नळीला रबरी फुगा लागला. सिस्टर तो फुगा दाबायची तेव्हा दीपालीची छाती हलायची, थांबली की छाती थांबायची. सापाच्या विषावरच्या औषधाच्या बाटल्या एकामागून एक सलाईनमध्ये रिकाम्या झाल्या.

"ठोके आहेत," डॉक्टर म्हणाली. "श्वास तिचा तिला घेता येत नाहीये. धाराशिवला मशीनवर ठेवावं लागेल."

दीड तासाचा रस्ता. अँब्युलन्समध्ये पेशंटजवळ एकच माणूस होता. अर्ध्या वाटेत त्याला दुसरी सलाईन लावायची होती, म्हणून त्यानं फुगा अयोध्याच्या हातात दिला.

"मी सांगतो तसं दाबा. थांबू नका."

अयोध्या दाबत होती. समोर दीपाली डोळे मिटून पडली होती. ओठ कोरडे, हात लुळे. तिच्याकडं बघून कुणीही म्हणालं असतं की हिच्यात काही उरलं नाही. अयोध्याचे हात घामानं ओले झाले. फुगा निसटला तर? आपणच थांबलो तर?

"ती आहे का वो अजून?" तिनं विचारलं.

"आहेत. आणि त्यांना ऐकू येत असतंय ताई. बोला त्यांच्याशी."

मग अयोध्या बाहेर दिसेल ते सांगत सुटली. सोयाबीनचं रान आलं. एसटी गेली बघ. आता एक म्हातारा सायकलवर चाललाय. धाराशिव येईपर्यंत ती एकसारखी बोलत होती आणि दाबत होती.

चौथ्या दिवशी दीपालीच्या पापण्या हलल्या. सहाव्या दिवशी नळी निघाली. कुमार तिच्या उशाशी बसला होता, तरी तिनं आधी अयोध्याला जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता.

"मला सगळं ऐकू येत हुतं वैनी. गौरीशंकर म्हणला ना, गेली म्हणून? मला वाटलं, आता गाडी माघारी वळवत्याल. घरी न्हेत्याल आन् आंघोळ घालत्याल. मी आतनं लई ओरडत हुते. बोट हलवायचा लई प्रयत्न केला, हललंच न्हाय." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. "मग तू फुंकलंस."

अयोध्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

चाचणीची तारीख निघून गेली. घरात साप कुणाला सापडला नाही. कुमारनं आणि बिरूमामांनी सगळं सामान अंगणात काढलं, भिंतीची बिळं सिमेंटनं बुजवली, सगळ्यांसाठी झोपायला बाजा आणि मच्छरदाण्या आणल्या. तरी रात्री घरात पाऊल टाकताना कडूबाईसुद्धा आधी काठी आपटतात.

अयोध्याला आता दोनच्या सुमाराला आपोआप जाग येते. ती बॅटरी घेऊन पुढच्या खोलीत जाते. मच्छरदाणीच्या बाहेर उभी राहून छाती वर-खाली होतीय का बघते, पण तेवढ्यानं तिचं समाधान होत नाही.

"दीपा," ती हाक मारते. "डोळं उघड."

दीपाली डोळे उघडते, बॅटरीच्या उजेडात तिच्याकडं बघते. रागवत नाही. "हाय वैनी," म्हणते. "जा, नीज आता."

अयोध्या जाते. कधी कधी दारापर्यंत जाऊन पुन्हा मागं फिरते.