डबल सीटची पट्टी

मोटारसायकलच्या चेन कव्हरमधलं रबरी बूच काढून मुकेशने आत बोट घातलं. चेन खाली दाबली, वर उचलली आणि तोंड वाकडं केलं.

"काका, ही परत ढिली झाली."

"तेच तर सांगतोय," धर्मराज ओव्हाळ म्हणाले. "आवाज येतो."

कॅम्प पाचमधलं मुकेशचं गॅरेज म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट आणि वर टाकलेला पत्रा. धर्मराज तिथे तिसऱ्यांदा आले होते. बदलापुरातली घराजवळची बेलवली सोडून एवढं लांब उल्हासनगरला यायचं कारण असं, की बेलवलीतल्या दोन्ही मेकॅनिकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. एकाने चेन आणि सॉकेट नवं घातलं. दुसऱ्याने मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं. तिथून निघताना गाडी अगदी शहाण्यासारखी गप्प असायची, आणि दोन दिवसांनी चेन पुन्हा कव्हरवर आपटायला लागून गाडी खडखड करत त्याच मेकॅनिकच्या दारात उभी. शेवटी त्यातला एक म्हणाला, काका, गाडीला नाही, तुमच्या कानाला काहीतरी झालंय. धर्मराजांनी त्यानंतर त्या गल्लीतून जाणंच सोडलं.

कान मात्र ठणठणीत होते. सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, तीही गेज विभागात. तयार झालेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते गेज लावून बघायचं. गेज आत गेला तर माल पुढे, अडला तर परत. वशिला नाही आणि 'जाऊ द्या हो' नाही. निवृत्त झाले तरी ही सवय काही निवृत्त झाली नाही. घरातलं दार नीट लागतं का, कुकरची शिट्टी सरळ बसते का, हे बघितल्याशिवाय त्यांना चहा जायचा नाही. बायको कौसाबाई म्हणायच्या, तुम्ही माणसालाही गेज लावाल, आणि मग नापास होणारी पहिली मीच असेन.

पण आता नुसत्या आवाजाचा प्रश्न राहिला नव्हता. मुलगी ऋतिका लग्न होऊन अंबरनाथला राहायची. तिने गाडी विकायचा धोशा लावला होता. चेन अशी वाजते म्हणजे एक दिवस तुटणार, चाक जाम होणार आणि पप्पा हायवेवर पडणार, असं सगळं चित्र तिच्या डोळ्यांपुढे तयार होतं. तिच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी भावाला जुनी गाडी हवी होती आणि रविवारी तो बघायला येणार होता. वाद नको म्हणून धर्मराज बोलून गेले होते, की रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर दिली गाडी. दिलेला शब्द ते फिरवत नसत. आता त्याच शब्दाने त्यांची झोप उडवली होती. घरात दुसरं असं काही उरलं नव्हतं, ज्यावर बसून कुठे जावंसं वाटेल.

मुकेश गाडीमागे उकिडवा बसला होता. त्याने चाक हाताने सावकाश फिरवलं. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून जिथे ती जास्तीत जास्त ताणते तिथे थांबून त्याने पुन्हा बोट लावलं. मग एक्सलच्या दोन्ही बाजूंचे, चेन ताणायचे ॲडजस्टर नट बघायला तो खाली वाकला आणि तसाच थांबला.

मागच्या वेळी चेन ताणल्यावर त्याने दोन्ही नटांवर खूण केली होती. पिवळा रंग संपला होता, म्हणून बायकोची, पायलची, लाल नेलपॉलिश. त्यावरून घरी बोलणीही खाल्ली होती. नट आपोआप सरकतो का ते कळावं, एवढाच हेतू. आता दोन्ही खुणा फिरलेल्या होत्या, आणि दोन्ही अगदी सारख्या फिरलेल्या होत्या. गाडीच्या हादऱ्याने नट सरकले तर असे मापात सरकत नाहीत.

"साईं, इथं कोणीतरी पाना लावलाय," मुकेश म्हणाला. साईं म्हणायची सवय त्याला ज्या सिंधी शेटकडे तो काम शिकला, त्याच्याकडून लागली होती. "दुसऱ्या कोणाकडे दाखवली काय गाडी?"

"दुसऱ्या कोणाकडे कशाला? मीच लावला," धर्मराज म्हणाले. "तू चेन फारच टाइट केली होतीस. मी घरी जाऊन मापात आणली."

मुकेशने डोक्याला हात लावला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं तेही त्याच्या लक्षात आलं नाही. म्हणजे तिन्ही मेकॅनिकांनी चेन ताणायची, आवाज बंद करायचा, आणि काकांनी घरी जाऊन ती परत ढिली करायची, आणि आवाज आला की पुन्हा तक्रार घेऊन यायचं. इतके दिवस असं चाललं होतं. त्याला हसायला येत होतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. कोणत्या मापात आणली, एवढंच त्याने विचारलं.

धर्मराजांनी शर्टाच्या खिशातून एक लाकडी पट्टी काढली. ऋतिकाच्या शाळेतली मोडकी फूटपट्टी तासून केलेली. वापरून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर ब्लेडने कोरलेल्या दोन खुणा. पट्टी भोकातून आत धरायची. चेन दाबली की खालच्या खुणेला लागली पाहिजे, उचलली की वरच्या. हा माझा गेज, ते म्हणाले, आणि नोकरीत असताना साहेबाला सांगत तशा अभिमानाने पट्टी कशी केली ते सांगू लागले. गाडी घेतली तेव्हा त्यांनी ती बिल्डिंगच्या भिंतीला टेकवून उभी केली, पुढच्या सीटवर ऋतिकाला बसवलं, मागे कौसाबाईंना, आणि स्वतः खाली गुडघे टेकून चेन बरोबर जमवली. मग दोघींना उतरवलं, गाडी मेन स्टँडला लावली आणि तेव्हा चेन जेवढी खालीवर होत होती तेवढ्या खुणा पट्टीवर कोरल्या. पुन्हा कोणाला बसवायची गरज नको. तेव्हापासून दर महिन्याला पट्टी लावायची. गाडी कधी वाजली नाही.

मुकेशने पट्टी घेतली, लावून बघितली. माप चोख होतं. मग आवाज कशाचा तेही त्याला कळलं, आणि त्याने सरळ सांगून टाकलं. दोन माणसं बसली की मागचे शॉकअप दबतात आणि चेन आपोआप ताणते, म्हणून डबल सीटसाठी ती आधीपासून जरा ढिली ठेवावी लागते. एकटा माणूस बसला तर तेवढी दबत नाही, आणि मग ही ढिली चेन कव्हरला लागते. गाडीत फॉल्ट नाही, मापातही नाही.

"पट्टी करेक्ट आहे काका. पण ही डबल सीटची आहे. मागे कोण बसतं तुमच्या?"

"मिसेस," धर्मराज म्हणाले.

"मग त्यांना घेऊन या ना उद्या. दोघांना बसवतो, फायनल सेट करून देतो. आवाज आला तर बोला."

धर्मराज पट्टीकडे बघत राहिले. नोकरीत असताना ते कौसाबाईंना रोज मागे बसवून नेत. फॅक्टरीच्या जवळच एका नर्सिंग होममध्ये त्या आया होत्या. त्यांना फाटकाशी सोडायचं आणि पुढचा दोन वळणांचा तुकडा तेवढा एकट्याने जायचं. त्या तुकड्यात चेन थोडी वाजायची, पण त्यांना वाटायचं रस्ता खराब आहे. नंतर तर बाजार, विहार, लेकीचं घर, कुठेही दोघंच. त्यामुळे पट्टी बरोबर आहे की नाही, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

"ती नाही येणार," ते म्हणाले. "वर्ष होईल आता. वारली ती."

बाजूच्या दुकानातलं शिलाई मशीन तेवढं चालू होतं. आपण काय बोलून गेलो याची मुकेशला लाज वाटली आणि ती लपवायला तो उगाच पाने पुसत राहिला. धर्मराजांना राग आला होता. मुकेशचा नाही. हातातल्या पट्टीचा. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासला आणि घरातलं एवढं मोठं माप बदललं ते आपल्याच लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि आपणच दर महिन्याला पाना घेऊन खाली बसत होतो? त्यांना खरंच ठरवता येईना.

"सिंगलची लावू का, काका?" मुकेशने हळूच विचारलं.

"लाव," ते म्हणाले. आणि पट्टी त्याच्या हातात देत, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. आवाज जायला पाहिजे."

मुकेशने त्यांना गाडीवर बसायला सांगितलं. भिंतीला हात टेकून ते बसले. एवढ्या वर्षांत चेन बघताना ते नेहमी खाली असत, वर कोणीतरी दुसरं बसलेलं असे. पाठीमागे मोकळी सीट होती. त्यांनी एकदा मागे हात नेला आणि परत आणला. खाली मुकेश दोन्ही नट सारखेसारखे फिरवत होता, बोट लावून बघत होता. एक्सलचा नट आवळून झाल्यावर त्याने विचारलं की पट्टीवर नव्या खुणा मारून देऊ का, जुन्या तासून टाकतो.

"जुन्या राहू दे. त्यांच्या मधे मार."

अंबरनाथला ते ऋतिकाच्या बिल्डिंगखाली थांबले, हॉर्न दिला. ती गॅलरीत आली, मग खाली आली. तिने त्यांना आवारात दोन चकरा मारायला लावल्या आणि कान देऊन ऐकलं. काय झालं होतं, असं तिने विचारलं तेव्हा चेन ढिली होती, एवढंच ते म्हणाले. मग ती म्हणाली की गाडी बघायला येणाऱ्याला, रविवारी येऊ नका म्हणून ती फोन करून सांगते, आणि हेल्मेटचा पट्टा तिने स्वतः लावून दिला.

बदलापूरच्या रस्त्याला गाडी पाण्यासारखी चालली होती. नुसता इंजिनाचा आवाज, आणि वाऱ्याचा. गाडी राहिली म्हणून त्यांना बरं वाटत होतं. आपण उगाच एवढी माणसं पिडली असंही वाटत होतं. बेलवलीच्या वळणाआधी स्पीड ब्रेकर आहे, रंग उडालेला, माहीत नसलेला माणूस हमखास उडतो असा. तो आला तसा त्यांनी वेग कमी केला.

"कौसा, धर."

स्वतःचा आवाज त्यांना हेल्मेटच्या आत स्वच्छ ऐकू आला. खडखडाटात इतके महिने तो ऐकू आला नसावा. इतके महिने प्रत्येक ब्रेकरला ते हे म्हणत आले असणार.

मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला. धर्मराजांनी त्याला पुढे जाऊ दिलं आणि गाडी ब्रेकरवरून हळू उतरवली, आधी पुढचं चाक, मग मागचं.