टिकटिक माझी, थाट त्याचा

टिक-टिक! टिक-टिक! आवाज ओळखलात का, मित्रांनो? मी एसटीतला जुना पंच, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा. पनवेल-उरण गाडीच्या कंडक्टर रंजिताताईंच्या हातात मी कित्येक वर्षं होतो. त्यांनी मला दांड्यावर वाजवलं, की गाढ झोपलेला माणूससुद्धा खिशात हात घालायचा. केवढा रुबाब होता माझा!

मग २०१० च्या सुमारास ते आलं. तिकीट छापणारं मशीन! त्याला प्लास्टिकचं कव्हर काय, गळ्यात अडकवायला पट्टा काय, रोज चार्जिंग काय! मला कधी कुणी तेलाचा थेंब तरी दिला होता? मी गेलो बॅगेत, डब्याच्या खाली. नुसता जळफळाट झाला माझा.

एकदा जासईला ताईंनी चुकीचं बटण दाबलं आणि एका भल्यामोठ्या मिशीवाल्या काकांना हाफ तिकीट दिलं.

"ओ मॅडम, मी काय बालवाडीत जातो काय?"

अख्खी गाडी खदाखदा हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "जुनाच पंच बरा होता!" अहाहा! बॅगेत मी फुगून टम्म झालो.

पण उरणला गाडी रिकामी झाली आणि ताई ड्रायव्हर शिवादादांना म्हणाल्या, "दादा, मना नाय जमत ह्या. नोकरीच सोडतंय मी."

मी गारच पडलो. मला मशीन जायला हवं होतं, ताई नव्हे!

शिवादादांनी बॅगेतून मला बाहेर काढलं. "याला वलखतेस ना, बाय? पयल्या दिवशी तिकीट सोडून सोताच्या पदराला भोक पाडलंस. तवाबी बोललीस, नाय जमत. मग सोडलीस का नोकरी?"

ताई डोळे पुसता पुसता हसल्या. मला मुठीत घट्ट धरलं. वाटलं, जिंकलो! तर त्यांनी मला बाजूला ठेवलं, मशीन मांडीवर घेतलं आणि गाडी सुटेपर्यंत एकेक बटण समजून घेत बसल्या. धीर दिला मी, मांडी मिळाली त्याला. आहे की नाही अन्याय?

परतीला तिकिटं फटाफट निघाली. पण मागच्या सीटवरची माणसं डुलक्या घेत होती. ताईंनी हळूच मला बाहेर काढलं. टिक-टिक! सगळे खडबडून जागे. येतं का हे मशीनला?

म्हणून सांगतो मित्रांनो, नवं काही जमेना, तर लगेच सोडून पळू नका. पूर्वी जे जमलं होतं, ते एकदा हातात घेऊन बघा. आणि आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा थेंब द्या.

मशीनला नका देऊ. त्याचं बरं चाललंय.